रंगाच्या डब्याआधी वही: ओंडके वाहणाऱ्या जुन्या महाकाय ट्रकांचा इतिहास कसा जपावा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हँकूव्हर बेटावर गेल्या शतकात असे ट्रक राबत होते, ज्यांना सार्वजनिक रस्त्यावर चाक टेकवायचीही परवानगी नव्हती. आपल्या हायवेवरचा मालट्रक साधारण साडेआठ फूट रुंद असतो. या ट्रकांवर ओंडके पेलणारी आडवी पोलादी तुळई असते, तिला तिकडे बंक म्हणतात. ती तुळईच बारा ते सोळा फूट रुंद असायची. हायवेवरच्या ट्रकच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वजनाची खेप घेऊन हे ट्रक डोंगरावरून समुद्राकडे उतरत. ते चालत कंपन्यांनी स्वतः बांधलेल्या खाजगी जंगलरस्त्यांवर, म्हणून रुंदीचे आणि वजनाचे सरकारी नियम त्यांना लागू नव्हते.

हे ट्रक बनवणारे दोन मोठे कारखाने बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या व्हँकूव्हर शहरातले. हेझ कंपनी १९२० साली हेझ-अँडरसन या नावाने सुरू झाली. १९६९ मध्ये तिचा मोठा हिस्सा अमेरिकेच्या मॅक ट्रक्सकडे गेला आणि १९७५ मध्ये ती बंद पडली. हेझमधूनच बाहेर पडलेल्या माणसांनी १९४७ मध्ये पॅसिफिक ट्रक अँड ट्रेलर ही कंपनी काढली, तीही १९९१ मध्ये थांबली. दक्षिणेला अमेरिकेतल्या सिएटलची केनवर्थ आहे. पीटरबिल्टचा जन्म तर थेट लाकूडधंद्यातून झाला. टकोमाचे लाकूडव्यापारी टी. ए. पीटरमन यांना ओंडके वाहायला दणकट ट्रक हवे होते, म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियातली फेजॉल ही ट्रक कंपनी विकत घेतली आणि १९३९ पासून स्वतःच्या नावाचे ट्रक बाजारात आणले. केनवर्थ आणि पीटरबिल्ट आजही चालू आहेत. हेझ आणि पॅसिफिकच्या बाबतीत मात्र उरलेला प्रत्येक ट्रक हाच दस्तऐवज आहे.

असा ट्रक हाती आला की उत्साही माणूस सगळ्यात आधी तो धुतो, मग घासतो, मग चकचकीत रंगवतो. इतिहासाचा सर्वांत मोठा घात याच तीन कामांत होतो. ट्रकची खरी हकिगत त्याच्या चिखलात, झिजलेल्या पेडलमध्ये, जंगलातल्या लाकूडतोड कॅम्पच्या मेस्त्रीने मारलेल्या ठिगळात आणि दारावरच्या तिसऱ्या थराखालच्या अक्षरांत असते. रंग पुन्हा केव्हाही मारता येतो, पण पुसलेली खूण परत येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम एकच आहे: आधी नोंद, मग हात.

पहिली पायरी: ट्रक हलवण्याआधी

ट्रक बहुधा एखाद्या जुन्या कॅम्पच्या आवारात, झुडपांत किंवा भंगाराच्या ढिगाऱ्याशेजारी उभा असतो. तो जिथे आणि जसा उभा आहे तसा आधी टिपा. चारही बाजू आणि चारही कोपरे, जमिनीलगतून आणि शक्य असेल तर उंचावरून. मग आसपासचे: शेड, डिझेलची टाकी, शेजारचा ट्रेलर, फेकलेले सुटे भाग. त्या ढिगाऱ्यातच याच ट्रकचा काढून टाकलेला बंपर किंवा जुना गिअरबॉक्स असू शकतो. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या.

केबिनमध्ये शिरताना हातमोजे घाला आणि काहीही फेकू नका. सीटखाली आणि सनशेडच्या मागे खेपांच्या चिठ्ठ्या, ओंडक्यांच्या मोजमापाच्या पावत्या, गस्तीच्या नोंदी सापडतात. डॅशबोर्डवर रेडिओच्या चॅनलची पट्टी चिकटवलेली असते. त्या अरुंद जंगलरस्त्यांवर ड्रायव्हर रेडिओवरून आपण कितव्या मैलावर आहोत, भरलेले आहोत की रिकामे, हे सतत सांगत असत, कारण समोरून येणाऱ्याला बाजू घ्यायला जागा मोजक्याच ठिकाणी मिळायची. तो चॅनल आणि त्या मैलांचे आकडे यावरून ट्रक कोणत्या रस्त्यावर चालायचा ते कळू शकते. प्रत्येक वस्तू जागेवर असतानाच फोटो काढा, मग वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर सापडल्याची जागा लिहा. ‘केबिनमधले सामान’ असे मोघम लिहिले तर सहा महिन्यांनी त्याला अर्थ उरत नाही.

प्रेशर वॉशर लांब ठेवा. खडूने लिहिलेले टायरचे आकडे, ब्रशने रंगवलेला ताफ्याचा क्रमांक, मडगार्डवरची सूचना हे सारे एका फवाऱ्यात जाते. चिखल कोरड्या मऊ ब्रशने काढा.

नंबर वाचणे

याला वेळ द्या. कारखान्याची पाटी बहुधा दरवाजाच्या चौकटीत किंवा केबिनच्या मागच्या भिंतीवर असते, पण केबिन बदललेली असू शकते. म्हणून एकट्या पाटीवर विसंबू नका. चेसिसच्या लांब पोलादी बीमवर, साधारण पुढच्या चाकाच्या आसपास, नंबर ठोकलेला असतो. तो ग्रीस आणि गंजाखाली दडलेला असतो. तिथे ग्राइंडर किंवा सँडपेपर लावू नका. थोडे रॉकेल, मऊ पितळी ब्रश आणि धीर एवढेच पुरते. मग अंधारात टॉर्च बीमला जवळजवळ समांतर धरा म्हणजे उठावाची सावली पडते. तरीही वाचता आले नाही तर खडूची पूड चोळा, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आपल्याकडे गाडी नावावर करताना आरटीओसाठी चेसिस नंबरचा पेन्सिल-ठसा घेतात, अगदी तीच पद्धत. तो कागद जपून ठेवा, तो फोटोइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे.

चेसिसपाशी थांबू नका. इंजिन, गिअरबॉक्स, सहायक गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, मागचे दोन्ही डिफरन्शियल, विंच असेल तर तो, ट्रेलर: प्रत्येकावर वेगळी पाटी किंवा ठसा असतो. सगळे नंबर एका तक्त्यात मांडा आणि प्रत्येकासमोर लिहा, स्पष्ट वाचला, अंदाजाने वाचला, की सापडला नाही. अंदाजाला खात्रीचे रूप देणे हा या कामातला सगळ्यात वाईट दोष आहे, कारण तुमचा तक्ता पुढचा माणूस पुरावा म्हणून वापरणार आहे.

नंबर एकमेकांशी जुळले नाहीत तर नाराज होऊ नका. जंगलातला ट्रक क्वचितच कारखान्यातून निघाला तसा राहिला. एकाचे इंजिन दुसऱ्यात, दोन मोडक्या ट्रकांतून एक चालता ट्रक, हीच तिथली रीत होती. न जुळणारा नंबर म्हणजे ट्रकच्या आयुष्यातली एक घटना. ती कधी घडली ते शोधायचे.

नंबर घेऊन कुठे जायचे? केनवर्थ आणि पीटरबिल्टच्या बाबतीत विक्रेत्यामार्फत चेसिस नंबरवरून मूळ बांधणीची नोंद मिळण्याची शक्यता असते. मॅकसाठी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनचे मॅक ट्रक्स हिस्टॉरिकल म्युझियम मदत करते. अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी ही १९७१ पासूनची संस्था कॅन्सस सिटीत आहे, तिच्याकडे ग्रंथालय आणि जुन्या कॅटलॉगांचा संग्रह आहे.

दारावरचे थर

दाराच्या आतल्या कोपऱ्यात, डोळ्यांत भरणार नाही अशा जागी, रुपयाच्या नाण्याएवढी एक खिडकी उघडा. पाण्यात भिजवलेला बारीक सँडपेपर घ्या, ४०० नंबरपासून सुरुवात करून वरच्या नंबरांकडे जा आणि मध्यभागी जास्त, कडेला कमी असे गोल घासत राहा. थर एकाभोवती एक अशा वलयांत दिसू लागतात. मोजपट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. कोरडे घासू नका: जुन्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत शिसे असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते.

आता या थरांतून तारखा कशा निघतात ते पाहा. समजा, दारावर मॅकमिलन ब्लोडेल या बलाढ्य लाकूड कंपनीचे नाव आहे. एच. आर. मॅकमिलन यांची कंपनी आणि ब्लोडेल, स्ट्युअर्ट अँड वेल्श यांचे विलीनीकरण १९५१ मध्ये झाले. १९६० च्या सुमारास पॉवेल रिव्हर कंपनी त्यांच्यात आली आणि नावात तिचीही भर पडली. १९६६ मध्ये नाव छोटे होऊन नुसते मॅकमिलन ब्लोडेल राहिले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वेअरहाउझर या लाकूड कंपनीने ती घेतली. म्हणजे दारावर खालच्या थरात मॅकमिलन ब्लोडेलच्या नावाला जोडून ‘पॉवेल रिव्हर’ हे शब्द असतील, तर तो थर साठच्या दशकाच्या पहिल्या अर्धातला. कागद एकही नसताना रंगाने दिलेली ही तारीख.

यंत्रांचेही तसेच. कमिन्स डिझेल इंजिन कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांच्या कल्पनेवरून बनलेला, इंजिनाच्याच जोरावर ट्रकचा वेग रोखणारा जेकब्स इंजिन ब्रेक, ज्याला सगळे ‘जेक’ म्हणतात, १९६१ मध्ये बाजारात आला. पन्नासच्या दशकातल्या ट्रकवर तो दिसला तर तो मागाहून बसवलेला, हे नक्की.

मेस्त्रीच्या हातच्या खुणा

माझ्या मते ट्रकचा सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि जीर्णोद्धारात सर्वांत आधी बळी जातो तोही हाच. पाइप वाकवून केलेला बंपर, केबिनवर ओंडका घसरून येऊ नये म्हणून मागे उभी केलेली जाड पोलादी ढाल, पायरीवर वेल्ड केलेली पकड, आरशाची ठिगळ लावलेली दांडी. ‘कारखान्यात असे नव्हते’ म्हणून हे कापून काढले जाते. पण कारखान्यातला ट्रक कॅटलॉगमध्ये आहेच. जंगलातला ट्रक फक्त इथे आहे.

पाण्याचे ब्रेक नीट नोंदवा. भरलेला ट्रक मैलोन्‌मैल उतारावर असतो, तेव्हा ब्रेकचे ड्रम इतके तापतात की फुगून लायनरपासून लांब जातात आणि पेडल दाबूनही पकड मिळत नाही. म्हणून केबिनच्या मागे पाण्याची मोठी टाकी असायची आणि नळ्यांतून ड्रमवर पाणी सोडले जायचे. उतरणारा ट्रक वाफेच्या ढगात दिसायचा. टाकी वाटेतल्या ओढ्यावर भरत. ही नळ्यांची जोडणी अनेकदा कॅम्पमध्येच केलेली असते, म्हणून प्रत्येक ट्रकवर वेगळी. टाकी कुठे, झडप कुठे, ती ड्रायव्हर हाताने उघडायचा की हवेच्या दाबावर चालायची, नळी कोणकोणत्या चाकांना जाते, याचे हाताने आकृतीचित्र काढा. फोटोत नळी केबिनखाली शिरते आणि दिसेनाशी होते. चित्रात ती शेवटपर्यंत जाते.

बंक आणि त्याच्या दोन टोकांचे उभे खुंटे मोजा. खुंटे सोडवायची कळ कोणत्या बाजूला आहे ते पाहा, कारण ती माणसाच्या जिवाशी निगडित होती. ओंडके ज्या बाजूला कोसळणार त्याच बाजूला उभे राहून कळ ओढावी लागत असेल, तर नंतरच्या काळात ती बदललेली दिसेल. ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणारा लांब दांडाही मोजा. रिकामे परतताना बऱ्याच ठिकाणी ट्रेलर उचलून ट्रकच्याच पाठीवर ठेवत. तसे असेल तर चेसिसवर त्याची बैठक आणि घासल्याच्या खुणा सापडतील.

कागद कुठे सापडतील

खाजगी रस्त्यावरच चालणाऱ्या ट्रकला सरकारी नोंदणीची गरज नव्हती, त्यामुळे नंबरप्लेट आणि मालकीहक्काची साखळी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. या ट्रकांची खरी ओळख म्हणजे कंपनीने दिलेला ताफ्याचा क्रमांक. तो मिळाला की दुरुस्तीची कार्डे, टायरच्या नोंदी, अपघाताचे अहवाल आणि लिलावाच्या याद्या यांचे दार उघडते.

मॅकमिलन ब्लोडेलचे कागद ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. लेक काउचनच्या काट्झा स्टेशन म्युझियममध्ये लाकूडकामगार संघटनेच्या फोटोंचा विल्मर गोल्ड संग्रह आहे. पोर्ट अल्बर्नीत वेस्टर्न व्हँकूव्हर आयलंड इंडस्ट्रियल हेरिटेज सोसायटीचे स्वयंसेवक जुनी यंत्रे आणि ट्रक जिवंत ठेवतात. डंकनचे बीसी फॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटर, ऑरेगनमधल्या ब्रुक्सचे पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्रक म्युझियम, व्हिक्टोरियातले प्रांतिक अभिलेखागार ही आणखी काही ठिकाणे.

त्याआधीच्या काळासाठी, म्हणजे भरीव रबराच्या टायरचे छोटे ट्रक लाकडी फळ्यांच्या आणि ओंडक्यांच्या रस्त्यांवरून चालत त्या काळासाठी, वॉशिंग्टन राज्यातल्या किन्सी बंधूंचे फोटो पाहा. क्लार्क किन्सी यांचे वॉशिंग्टन विद्यापीठात आहेत आणि डॅरियस किन्सी यांचे बेलिंगहॅमच्या व्हॉटकॉम म्युझियममध्ये. डॅरियस जंगलात कॅमेरा घेऊन फिरत, पण त्यांच्या काचेच्या प्लेटा धुऊन प्रती काढायचे काम त्यांची पत्नी टॅबिथा करत असे. तुमच्या संग्रहात कुणाच्या घरचा फोटो आला तर तो कुणी काढला, कुणी जपला, दोन्ही नावे विचारून लिहा.

अर्ज करताना ‘जुन्या ट्रकबद्दल माहिती हवी’ असे लिहू नका. कंपनी, विभाग, साधारण वर्षे आणि ताफ्याचा क्रमांक द्या. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

माणसे

कागद अभिलेखागारात थांबतात, माणसे थांबत नाहीत. सत्तरच्या दशकात तिशीत असलेला ड्रायव्हर आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून ट्रकचे इंजिन खोलण्याआधी मुलाखती घ्या. दोन्ही एकाच महिन्यात जमणार नसेल तर इंजिन थांबवा.

शक्य असेल तर त्यांना ट्रकजवळ न्या. घरच्या सोफ्यावर जे आठवत नाही ते गिअरच्या दांड्यावर हात पडताच आठवते, कारण दोन गिअरबॉक्स एकाच वेळी बदलायची ती सवय हातात राहिलेली असते. जमत नसेल तर केबिनचे मोठे छापील फोटो घेऊन जा. मोबाइलच्या पडद्यावर वयस्कर माणसाला नीट दिसत नाही.

‘तुमच्या आठवणी सांगा’ या प्रश्नाने सुरुवात केली तर ठरावीक दोन किस्से मिळतात. त्यापेक्षा एक दिवस विचारा. किती वाजता उठायचा? ट्रकला आधी काय तपासायचा? खेप भरताना कुठे उभे राहायचे? कोणत्या उताराची भीती वाटायची? पाणी कुठे भरायचा? पगार तासावर होता की खेपेवर? खेपेवर असेल तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: त्यामुळे वेग वाढायचा का? मग अपघातांबद्दल विचारा, हळुवार आणि घाई न करता. त्या धंद्यात माणसे मेली आहेत, आणि ज्याने ते पाहिले त्याला बोलायचे नसेल तर विषय सोडा.

ड्रायव्हरवर थांबू नका. वेल्डर, टायरवाला, रस्ते सपाट करणारा, ओंडके मोजणारा, कॅम्पमध्ये संसार केलेल्या बायका. ज्यांच्या भूमीवरून हे रस्ते गेले त्या आदिवासी समाजांतले अनेक जण या धंद्यात होते आणि त्याच जंगलांचे नुकसानही त्यांनीच पाहिले. १९९३ मध्ये बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेओक्वाट साउंडला प्राचीन जंगलाच्या तोडीविरुद्ध लोक लाकूडरस्त्यावर या ट्रकांसमोर उभे राहिले आणि आठशेहून जास्त जणांना अटक झाली. ट्रकचा इतिहास लिहिताना हे गाळू नका. ड्रायव्हरचा अभिमान आणि निदर्शकाचा राग एकाच रस्त्यावरचे आहेत, दोघांनाही त्यांच्याच शब्दांत जागा द्या.

तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक खास काम आहे. डंकनजवळचे पाल्डी हे गाव मेयो सिंग यांनी १९१७ च्या सुमारास लाकूडगिरणीभोवती वसवले आणि होशियारपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावाचे नाव त्याला दिले. ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूडधंद्यात पंजाबी कामगारांच्या पिढ्या गेल्या. त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांशी हिंदीत, थोड्या पंजाबीत तुम्ही सहज बोलू शकता, जे तिथल्या अनेक संग्रहालयांच्या स्वयंसेवकांना जमत नाही. मुलाखत त्यांच्या सोयीच्या भाषेत घ्या, तशीच जपा आणि इंग्रजी भाषांतर वेगळे ठेवा.

मुलाखतीआधी लेखी संमती घ्या. ध्वनिफीत कुठे ठेवणार, कोण ऐकू शकेल, कोणता भाग बंद ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचे. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर एकाला खोटे ठरवू नका. दोन्ही लिहा, कोण काय म्हणते त्यासह.

फाइल आणि प्रती

हे थोडक्यात. छापील फोटो कमीत कमी ६०० डीपीआयवर, निगेटिव्ह आणि स्लाइड ३००० च्या वर, मूळ फाइल टिफमध्ये. आवाज वेव्ह फाइलमध्ये. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, नावे आणि तारखा तिथेच असतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावात तारीख, ट्रकचा क्रमांक आणि अनुक्रम असावा.

आता लोखंड

इथवर आल्यावरच पाना हातात घ्या. निर्णय एकच घ्यायचा: ट्रक आहे तसा स्थिर ठेवायचा की पुन्हा बांधायचा. शेवटच्या कामाच्या काळातला रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर पुन्हा रंगवू नये, असे माझे ठाम मत आहे. सुटा गंज काढा, रंगावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, चेसिसच्या आतल्या पोकळ्यांत लॅनोलिनवर आधारित गंजरोधक फवारा आणि ट्रक छपराखाली घ्या. त्या पावसाळी किनाऱ्यावर छप्पर हेच सर्वांत मोठे औषध आहे. टायरवरचा भार काढण्यासाठी ॲक्सलखाली ठोकळे द्या. जे बदलावेच लागेल त्या नव्या भागावर आतून तारीख ठोका आणि काढलेला भाग फेकू नका.

जिवाशी खेळ होऊ शकेल अशा चार गोष्टी आहेत. जुनी चाके अनेक तुकड्यांच्या रिमची असतात. हवा पूर्ण काढल्याशिवाय नट सैल करू नका, आणि हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यातच हवे, कारण सुटलेली कडी माणसाला ठार करते. स्प्रिंग ब्रेकच्या डब्यात दाबलेली प्रचंड स्प्रिंग असते. तो डबा कधीही उघडू नका, अनुभवी माणसाकडून अख्खा बदला. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असते. हवेच्या झोताने ड्रम साफ करू नका, ओले करून पुसा, योग्य मास्क घाला.

चौथी गोष्ट इंजिनाची. या ट्रकांत डेट्रॉइट डिझेलची दोन-स्ट्रोक इंजिने खूप दिसतात. १२व्ही-७१ म्हणजे बारा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचाचा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात इंजेक्टरची रॅक, म्हणजे डिझेल किती जायचे ते ठरवणारी दांडी, चिकटून बसते. अशा वेळी ते सुरू केले की वेग वाढतच जातो आणि चावी फिरवून ते थांबत नाही. म्हणून सुरू करण्याआधी रॅक हाताने मोकळी हलते का पाहा, हवा बंद करायची झडप चालते का तपासा, आणि हवेच्या तोंडावर ठेवायला जाड सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करा. हात किंवा कापड नव्हे. सगळे सुरळीत झाले आणि इंजिन चालू लागले की आवाज नोंदवा: थंड असताना, गरम झाल्यावर, जेक ब्रेक लावताना, केबिनच्या आतून आणि बाहेरून. हाही इतिहासच.

बल्लारशा, आलापल्ली आणि आपले ट्रक

सोळा फुटी बंक आपल्याकडे कधी नव्हते, पण सागवानाचे ट्रक होते आणि त्यांची नोंद तर कुणीच ठेवत नाही. आलापल्ली आणि सिरोंचाच्या जंगलांतून सागाचे नग बल्लारशाच्या डेपोत लिलावाला येत. तोडीच्या जागी ओंडके ओढायला हत्ती वापरत. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामातून राहिलेला आहे. हत्तीने रस्त्यापर्यंत आणलेला नग पुढे ट्रकवर चढायचा, आणि तो कसा चढवत हे सांगणारे हमाल, क्लीनर आणि ड्रायव्हर अजून चंद्रपूर-गडचिरोलीत भेटतात.

इथे कागदांची बाजू जास्त भक्कम आहे, कारण आपले ट्रक सार्वजनिक रस्त्यावर चालत. आरसी बुक, फिटनेस, परमिट आणि सगळ्यांत महत्त्वाचा वनविभागाचा वाहतूक परवाना. परवान्यावर ट्रकचा नंबर, नगांची संख्या, मोजमाप आणि कुठून कुठे हे असते. जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या माळ्यावर त्यांच्या दुय्यम प्रती गठ्ठ्यांनी पडून असतात, वाळवी लागायच्या आत स्कॅन करा. नगांवर मारलेल्या हातोड्याच्या ठशांचे फोटोही घ्या. ट्रकवर जमशेदपूरची टाटा-मर्सिडीज-बेंझ अशी खूण असेल तर तो १९५४ ते १९६९ च्या सहकार्याच्या काळातला असण्याची शक्यता मोठी, पण जाळी बदललेली असू शकते, म्हणून चेसिस नंबर बघाच.

घाई करायला एक कारण आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय केली, ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहे, मालट्रकला तिचा आधार नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या भंगारात जातात. वनखात्याचे जुने ट्रक त्यातच आले. नोंदणी रद्द करताना चेसिस नंबरचा तुकडा कापून जमा केला जातो. म्हणजे ट्रकची सर्वांत पक्की ओळख आधी जाते. लिलावाची नोटीस लागली की डेपोच्या अधिकाऱ्यांना लेखी विनंती करून ठसा, फोटो आणि लॉगबुकची प्रत मिळवा. ट्रक वाचवता आला नाही तरी हे वाचते.

सोपवताना

ट्रक, कागद आणि मुलाखती एकाच संस्थेकडे जातीलच असे नाही. ट्रकला शेड हवी, कागदाला कोरडी खोली. वेगवेगळ्या ठिकाणी दिलेत तर प्रत्येक ठिकाणी उरलेल्या दोन गोष्टी कुठे आहेत त्याची चिठ्ठी ठेवा. संस्थेशी लेखी करार करा आणि त्यात तीन मुद्दे घाला: ट्रक पुन्हा रंगवण्याआधी तुमची नोंदवही वाचली जाईल, संस्था बंद पडल्यास ट्रक भंगारात न जाता दुसऱ्या संग्रहाला दिला जाईल, आणि मुलाखत देणाऱ्यांच्या अटी नव्या व्यवस्थेतही पाळल्या जातील. नोंदवहीची एक छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून ट्रकच्या केबिनमध्येच ठेवा आणि करारात तिचाही उल्लेख करा.